व्यावसायिक आरोग्य सेवा : संशोधनाची वाटचाल आणि उद्याची दिशा

आपल्या संस्थेच्या वतीने दरवर्षी जे मोफत आरोग्य तपासणी शिबिर भरते, त्यात आम्ही नोंदणीच्या टेबलावर बसतो. डॉक्टर मंडळी तपासतात, आम्ही रकाने भरतो. नोकरीतही तेच करतो. मागील शिबिराचे कागद सवडीने चाळताना एक गोष्ट ध्यानात आली. नाव, वय, पत्ता, वजन, रक्तदाब, साखर हे सारे रकाने नीट भरलेले होते. 'व्यवसाय' या रकान्यात मात्र बहुतेक ठिकाणी 'नोकरी', 'मजुरी' किंवा 'घरकाम' एवढेच शब्द होते, आणि हस्ताक्षर आमचेच होते. ज्यांच्यापुढे आम्ही 'नोकरी' लिहून मोकळे झालो, त्यांत गटारसफाईच्या कामावरचे दोघे होते आणि एक वेल्डर होता. 'घरकाम' लिहिलेल्या भगिनींपैकी कित्येक जणी दिवसभर घरात बसून कंत्राटदाराच्या खोट्या दागिन्यांना डाख देतात, हे आम्हांस ठाऊक असूनही आम्ही ते लिहिले नाही.

प्रस्तुत लेख त्या रकान्याविषयी आहे. आम्ही कला शाखेचे पदवीधर, बँकेतील लिपिक. वैद्यकशास्त्रावर आमचा अधिकार नाही. परंतु हा विषय जितका डॉक्टरांचा तितकाच नोंद ठेवणाऱ्यांचाही आहे, असे वाचनांती आमचे मत झाले. म्हणून हे धाडस.

या शास्त्राचा आरंभ एका सफाई कामगारापासून झाला, हे आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांना माहीत असेल. इटलीतील मोडेना शहरात बर्नार्डिनो रामाझिनी (१६३३-१७१४) नावाचे वैद्य राहत होते. त्यांच्या घरातील शौचकूप उपसण्यासाठी आलेला मनुष्य फार घाईने काम करीत होता. रामाझिनींनी त्यास घाईचे कारण विचारले. त्याने सांगितले की, या खड्ड्यात चार तासांहून अधिक वेळ राहिल्यास माणसाची दृष्टी जाते. त्याचे डोळे लाल व सुजलेले होते. रामाझिनींनी मग शहरात हिंडून त्या धंद्यातील आंधळी झालेली माणसे पाहिली, निरनिराळ्या धंद्यांतील लोकांना त्यांच्या कामाच्या जागी जाऊन भेटले आणि १७०० साली कामगारांच्या रोगांवर लॅटिनमध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. १७१३ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली. रुग्णास कोणते प्रश्न विचारावेत हे प्राचीन ग्रीक वैद्यांनी सांगून ठेवले होते. त्यांत रामाझिनींनी एका प्रश्नाची भर घातली : तुझा धंदा कोणता?

त्यानंतरचे संशोधन प्रामुख्याने 'कोणत्या कामाने कोणता रोग होतो' या एकाच वाटेने पुढे गेले. १७७५ साली लंडनचे शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्या मुलांना पुढे होणारा कर्करोग काजळीशी जोडून दाखविला. कोळशाच्या डांबरातील कर्करोगकारक द्रव्य वेगळे काढण्यास १९३० चे दशक उजाडावे लागले. म्हणजे दीडशे वर्षे द्रव्य अज्ञात होते, पण काजळी अंगावर बसू देऊ नये हे १७७५ पासून कळले होते. रोगाचे ज्ञान आणि त्या ज्ञानाची सेवा या दोन गोष्टी निराळ्या, असे आम्ही म्हणतो ते याच अर्थाने. कोणती धूळ फुफ्फुसाचे काय करते, हे पहिले संशोधन. ती धूळ खाणाऱ्या माणसास वेळेवर कोण तपासते, खर्च कोण सोसतो, नोंद कोणाच्या कपाटात राहते आणि काम सुटल्यावर त्या माणसाकडे कोण पाहते, हे दुसरे. विद्यार्थी मित्रांनी हा फरक ध्यानात ठेवावा.

दुसऱ्या प्रकारच्या संशोधनास खरे बळ विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना १९१९ साली स्थापन झाली. तिने कामाच्या ठिकाणच्या आरोग्य सेवांविषयी १९५९ मध्ये शिफारस केली आणि १९८५ मध्ये १६१ क्रमांकाचा करार केला. त्यातील तरतुदी साध्या वाटतात. तपासणी कामाच्या वेळेत व्हावी, तिच्यापायी मजुरी कापली जाऊ नये, कामगाराला खर्च पडू नये, आणि आरोग्य सेवेतील डॉक्टर मालक व कामगार दोघांपासून स्वतंत्र असावा. यातील शेवटच्या कलमाचे मोल गिरणगावात वाढलेल्या वाचकांस सांगावयास नको.

फिनलंड या छोट्या देशाने १९७८ साली कायदा करून एकच कामगार ठेवणाऱ्या मालकावरही आरोग्य सेवेची जबाबदारी टाकली आणि खर्चाचा काही भाग राष्ट्रीय विमा संस्थेने परत द्यावा अशी व्यवस्था केली. सेवा सर्वांना लागू झाल्यामुळे सर्वांचा अभ्यास शक्य झाला. तेथील संशोधकांनी १९८१ मध्ये सहा हजारांहून अधिक नगरपालिका कर्मचाऱ्यांची पाहणी सुरू केली, पुढील अकरा वर्षे त्यांचा मागोवा घेतला आणि निवृत्त झालेल्यांनाही त्यातून वगळले नाही. निवृत्तांना न वगळणे हीच त्यातील मोलाची गोष्ट आहे. का, ते पुढे येईल.

आता आपल्या देशाकडे वळू. मुंबई प्रांतातील कामगारांत आपल्या समाजाचा भरणा मोठा होता, म्हणून इतिहासातील एक गोष्ट येथे सांगणे अगत्याचे आहे. कापड गिरण्यांत विणाईचे म्हणजे साचेखाते हे त्यातल्या त्यात बऱ्या पगाराचे. तेथे धोट्यात नवी कांडी घालताना धाग्याचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा आम्ही कसा तोंडास लावावा, या सबबीवर सवर्ण कामगारांनी आपल्या माणसांना त्या खात्यात येऊ दिले नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न उघडपणे मांडला. त्यामुळे आपली माणसे बहुतांशी सूतकताईच्या बाजूस, रिंग खात्यात राहिली. कापसाची धूळ साच्यापेक्षा कताईच्या बाजूस अधिक, आणि गासड्या फोडून कापूस पिंजतात तेथे तर सर्वांत जास्त. कोणाच्या फुफ्फुसात कोणती धूळ जावी हे अशा रीतीने गिरणीच्या फाटकाबाहेर ठरत होते. व्यावसायिक आरोग्यावरील किती अहवालांत कामगाराची जात आणि खाते शेजारी शेजारी मांडलेले आढळते? आम्हांस तरी क्वचितच आढळले.

जुलै १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते. औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करण्यासाठी प्रा. बी. पी. अडारकर यांची नेमणूक मार्च १९४३ मध्ये झाली व त्यांचा अहवाल १९४४ च्या ऑगस्टमध्ये आला. कर्मचारी राज्य विमा कायदा, १९४८ याचा पाया तो अहवाल होय. कारखाने कायदाही १९४८ चाच. कोलारच्या सोन्याच्या खाणींतील सिलिकोसिसची पाहणी १९४७ मध्ये प्रसिद्ध झाली. आपल्या देशातील सिलिकोसिसची ती पहिली शास्त्रीय नोंद मानतात. म्हणजे स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर रोगाची माहिती, कायदा आणि विमा तिन्ही गोष्टी जवळजवळ एकाच वेळी हाती आल्या होत्या.

पुढे संस्था उभ्या राहिल्या. मुंबईत शीव येथे केंद्रीय श्रम संस्था झाली. अहमदाबादेत १९६६ साली सुरू झालेली संशोधन संस्था १९७० पासून राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था या नावाने ओळखली जाते. खाण कामगारांच्या आरोग्याची नागपूरची राष्ट्रीय संस्थाही २०१९ मध्ये तिच्यात विलीन झाली. अहमदाबादच्या संस्थेचे एक काम येथे सांगितलेच पाहिजे. मध्य प्रदेशात मंदसौर येथे दगडी पाटीवरच्या पेन्सिली कापण्याचा धंदा चाले. आपण सर्वांनी त्या पेन्सिलींनी मुळाक्षरे गिरविली आहेत. १९८० च्या दशकात तेथील कामगारांची तपासणी झाली तेव्हा निम्म्याहून अधिक जणांना सिलिकोसिस आढळला. सोळा महिन्यांनी संशोधक पुन्हा गेले, तोवर तेवीस जण मरण पावले होते. मृत्युसमयीचे त्यांचे सरासरी वय पस्तीसही नव्हते आणि धुळीत घालविलेली वर्षे सरासरी बारा. या पाहणीनंतर तेथे धूळ खेचून घेणारी यंत्रे बसविण्यात आली. संशोधन सेवेत उतरले तर काय होते, याचे हे चांगले उदाहरण होय. मात्र ते उतरण्याआधी तेवीस माणसे गेली होती.

आता आमच्या घरची गोष्ट. आमचे वडील मुंबईतील एका गिरणीत रिंग खात्यात होते. १९८२ च्या संपानंतर त्यांना परत घेतले गेले नाही. त्या वेळी आम्ही जेमतेम दोन वर्षांचे. पुढे ते रखवालदारी करीत. आयुष्यात त्यांनी विडी ओढली नाही, पण जिना चढताना मधल्या मजल्यावर थांबत. दवाखान्याच्या कागदावर 'दमा' लिहिलेले असे आणि प्रत्येक नवा डॉक्टर पहिला प्रश्न विडीचा विचारी. आई सांगते की, गिरणीत असताना ते सोमवारी रात्री भिंतीला टेकून बसत आणि म्हणत, "सोमवारी गिरणी छातीवर बसते." आम्ही हे घरगुती बोलणे समजत होतो. फार पुढे, एका वाचनालयात बिसिनोसिसवरचे प्रकरण वाचताना ते पाठ्यपुस्तकात सापडले.

कापसाच्या धुळीने होणाऱ्या या रोगाची खूण हीच आहे की, साप्ताहिक सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते आणि आठवडा सरता सरता त्रास कमी होतो. वर्षे लोटली की तो रोजचाच होतो, आणि मग साध्या दम्यापासून वेगळा ओळखू येत नाही. क्ष-किरण चित्रात त्याची खास अशी निशाणी दिसत नाही. पाळीच्या आधी व नंतर श्वासाची क्षमता मोजणे आणि माणसाला त्याच्या कामाविषयी विचारणे, एवढीच निदानाची साधने. म्हणजे या रोगात 'व्यवसाय' हा रकाना निदानाचा निम्मा भाग आहे. मुंबईतील डॉक्टर व कामगार कार्यकर्ते यांनी मिळून येथील एका गिरणीत या रोगाचा अभ्यास केला व तो १९९५ साली 'नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया'त प्रसिद्ध झाला. वडील त्या वेळी हयात होते. परंतु ते कोणत्याच मस्टरवर नव्हते, त्यामुळे असल्या अभ्यासात ते येणे शक्यच नव्हते.

येथे एक शास्त्रीय मुद्दा समजून घेतला पाहिजे. समजा, एका खात्यात शंभर माणसे लागली. दहा वर्षांत तीस जण दम लागतो म्हणून काम सोडून गावी गेले. अकराव्या वर्षी तपासणी झाली आणि उरलेल्या सत्तरांत पाच आजारी निघाले. अहवालात शंभरात सात असे प्रमाण येईल, आणि व्यवस्थापन म्हणेल की आमचे खाते निरोगी आहे. वास्तविक गेलेले तीस मोजले तर शंभरातील पस्तीस आजारी. संशोधक यास 'हेल्दी वर्कर इफेक्ट' म्हणतात. आमच्या भाषेत सांगायचे तर, थकीत कर्जाचा अहवाल केवळ काउंटरवर हप्ता भरावयास येणाऱ्या खातेदारांवरून लिहिण्यासारखे हे आहे. फिनलंडच्या पाहणीत निवृत्तांना न वगळण्याचे मोल ते हेच.

आपल्या न्यायव्यवस्थेने ही अडचण ओळखली होती. अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी निकाल देताना कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि त्याच्या आरोग्याची नोंद कामास लागल्यापासून चाळीस वर्षे, किंवा काम सुटल्यापासून पंधरा वर्षे, जपून ठेवण्याचा आदेश दिला. त्यापूर्वी, भोपाळच्या १९८४ च्या वायुकांडानंतर, १९८७ मध्ये कारखाने कायदा दुरुस्त होऊन धोकादायक कारखान्यांत वैद्यकीय तपासणी, नोंदी व माहितीचा हक्क आला होता. कागदावर बरेच काही आले. परंतु हे सारे कारखान्याच्या फाटकाच्या आत.

आपल्या देशातील बहुसंख्य श्रमिक त्या फाटकाच्या बाहेर आहेत. अलीकडच्या काही वर्षांत महाराष्ट्रास हादरविणाऱ्या घटना पाहा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीस 'कोयता' म्हणतात. हंगामापूर्वी उचल घेतलेली असते आणि एक दिवस काम चुकले तर खाडा कापला जातो. मासिक पाळी, गर्भारपण, अंगावर जाणे हे सर्व तेथे खाड्याच्या हिशेबात येते. ही बाब प्रथम कोणत्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने उजेडात आणली नाही. ती पत्रकारांनी व महिला संघटनांनी आणली. या स्त्रिया वर्षातले कित्येक महिने पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात फडावर असतात. त्यांचे प्राथमिक आरोग्य केंद्र कोणते मानायचे, गावचे की फडाजवळचे? संशोधनाचा खरा प्रश्न येथे आहे.

गटारसफाईचेही तेच. मॅनहोलमध्ये साठणारा हायड्रोजन सल्फाइड कमी प्रमाणात कुजक्या अंड्यासारखा वास देतो. प्रमाण वाढले की घ्राणशक्तीच बधिर होते, वास येईनासा होतो आणि माणसास वाटते, वायू गेला. असे मृत्यू वर्तमानपत्रात येतात. सर्वोच्च न्यायालयाने भरपाईची रक्कम २०१४ मध्ये दहा लाख व २०२३ मध्ये तीस लाख रुपये ठरविली. परंतु जो मरत नाही, त्याचे काय? त्वचेचे विकार, लेप्टोस्पायरोसिस, वर्षानुवर्षांचा खोकला यांची सलग नोंद राहत नाही, कारण कंत्राट बदलले की मुकादम बदलतो, हजेरीपुस्तक बदलते आणि तोच माणूस कागदोपत्री नवा होतो.

मार्ग नाही असे नाही. राजस्थान शासनाने २०१९ मध्ये सिलिकोसिससाठी स्वतंत्र धोरण केले. रोगाचे निदान होताच तीन लाख व मृत्यूनंतर कुटुंबास दोन लाख रुपये, तसेच मासिक निवृत्तिवेतन. दगडखाणीत मालकाचा पत्ता व हजेरीपुस्तक कोठून आणणार, म्हणून जबाबदारी शासनाने उचलली. मदत मिळते म्हटल्यावर माणसे तपासणीस पुढे आली. थायलंडने प्राथमिक आरोग्य केंद्रांतूनच व्यावसायिक आरोग्य सेवा देण्याचा प्रयोग केला. अहमदाबादच्या संस्थेने सिलिकोसिसची चाहूल क्ष-किरणात दिसण्यापूर्वीच रक्तातील एका प्रथिनावरून लागावी अशी चाचणी विकसित केली आहे. ती गावोगावच्या आरोग्य केंद्रात कशी उपयोगी पडते, हा पुढचा अभ्यासविषय होऊ शकतो.

दिनांक २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. चाळीस वर्षांवरील कामगारांस वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी हे त्यांतील एक वैशिष्ट्य म्हणून सांगितले गेले. ही तरतूद स्वागतार्ह आहे. परंतु मंदसौरचे तेवीस जण आठवावेत. चाळिशीची तपासणी त्यांच्या काय कामाची होती? धोकादायक उद्योगांसाठी निराळ्या तरतुदी आहेत, हे खरे. तथापि त्याच संहितेने 'कारखाना' म्हणण्यास लागणारी कामगारसंख्या विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहावरून वीस व इतरत्र वीसवरून चाळीस केली आहे. पंधरा माणसांच्या शेडमधील वेल्डर आता कोणत्या पाहणीत येणार, हे संशोधकांनी आधी शोधावे.

जाता जाता आमच्या धंद्यातील एक गंमत. पूर्वी नोटांच्या बंडलास पिना मारीत. त्या उपसताना रोखपालांची बोटे रक्ताळत. २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेने पिना मारणे बंद करविले, ते नोटांचे आयुष्य वाढावे म्हणून. बोटांचा विचार त्यात नव्हता. तरी बोटे वाचली, कारण हातमोजे वाटण्याऐवजी पिनच गेली. धुळीला मुखपट्टी देण्यापेक्षा धूळच उडू न देणे बरे, असे या विषयाचे तज्ज्ञ सांगतात ते हेच.

आपल्या समाजातील मुलेमुली आज वैद्यकीय, समाजकार्य, संख्याशास्त्र, विधी अशा शाखांत शिकत आहेत. प्रबंधास विषय मिळत नाही अशी तक्रार त्यांतील काही जण आमच्यापाशी करतात. त्यांनी आपल्या वस्तीतील साठीपुढील शंभर माणसांना पाच गोष्टी विचाराव्यात. पहिले काम कोणत्या वयात धरले, कोणत्या खात्यात, किती वर्षे, ते का सुटले, आणि सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी कसे वाटे. यास यंत्रसामग्री लागत नाही. उत्तरे देणारी माणसे मात्र दरवर्षी कमी होत आहेत.

पुढील शिबिरासाठी कार्यकारिणीकडे आम्ही नवा तक्ता दिला आहे. त्यात 'व्यवसाय' या रकान्याच्या जागी तीन रकाने आहेत : आज काय काम करता, त्यापूर्वी काय करीत होता, आणि कामावर हातात, अंगावर व श्वासात काय येते. एका माणसास चार मिनिटे अधिक लागतील. नोंदणीच्या टेबलावर आणखी दोन स्वयंसेवक हवे आहेत.